आमच्याकडे त्याला डांगर म्हणतात

मी शाळेत काय शिकते हे माझ्या आईला कळत नसे, पण मार्क कळत. ती चौथीपर्यंत शिकलेली. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी मी शाळेतून येऊन दप्तर खुंटीला लावलं की स्वयंपाकघरातून पहिला प्रश्न यायचा, "किती पडले?" चाचणी असो, तोंडी परीक्षा असो, नाहीतर नुसता शुद्धलेखनाचा तास असो. मार्क 'पडतात' हे मला अगदी बरोबर वाटायचं, झाडावरून चिंचा पडाव्यात तसे. चांगले पडले असले की आई "हं" म्हणायची. कमी पडले असले तरी "हं"च म्हणायची, फक्त तो "हं" जरा लांब असायचा. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, त्यात माझ्या अभ्यासाइतकाच त्या रोजच्या प्रश्नाचा वाटा आहे असं मी मानते.

आता मी सौदी अरेबियात अल-खोबरला राहते. नवरा पेट्रोकेमिकल कंपनीत इंजिनिअर आहे. एकच मुलगी, सहा वर्षांची, इथल्या भारतीय शाळेत पहिलीत. शुक्रवारी इथे सुट्टी असते, तेव्हा आम्ही आईला व्हिडिओ कॉल करतो. आई पडद्यावर आली की आधी नातीला डोळे भरून बघते आणि मग तोच प्रश्न विचारते.

"काय गं बाळा, किती पडले?"

मुलगी पहिलीत गेली आणि हा प्रश्न पहिल्यांदा तिच्या वाट्याला आला, तेव्हा तिने इकडेतिकडे पाहिलं आणि प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "नोबडी फेल डाऊन, आजी."

त्या दिवशी मी आणि माझा नवरा खूप हसलो. पुढे मात्र मला हसू येईना. घरात आम्ही मराठीत बोलतो, पण ती उत्तर बहुतेक इंग्रजीत देते. शाळेत इंग्रजी, शाळेच्या बसमध्ये हिंदी. मराठी तिला बरीचशी कळते, पण ती ऐकण्याची भाषा, बोलण्याची फारशी नाही. त्यामुळे त्या दोघींच्या मध्ये मी बसायचे. आई बोलली की मी मुलीला सांगायचे, मुलगी बोलली की आईला. आईच्या एखाद्या लांबलचक वाक्याचं मी दोन शब्दांत काहीतरी करून टाकायचे, आणि मुलीचा दोन शब्दांचा कंटाळा आईसाठी गोड वाक्यात सजवायचे. हळूहळू कॉल लहान होत गेले. मुलगी "हाय आजी" म्हणायची, एकदा गिरकी घ्यायची आणि पळायची. मी ओढून आणलं की म्हणायची, "मम्मा, यू ओन्ली टॉक. तुलाच कळतं तिला काय पाहिजे."

आईने एकदा मला म्हटलं, "राहू दे गं, खेळू दे तिला. मला बघायला मिळालं तरी बास."

त्या 'बास'ने माझं मन खट्टू झालं. आईने आपल्या अपेक्षा अशा एकेक करून उतरवून ठेवलेल्या मी आधीही पाहिल्या आहेत, आणि एकदा उतरवल्या की ती त्या परत उचलत नाही. आम्ही वर्षातून एकदा, जुलैत, गावी जातो. तिथेही दोघी एका खोलीत असायच्या आणि दोघींच्या नजरा मला शोधत असायच्या. आज ना उद्या माझ्याशिवाय या दोघींची गाठ पडेल तेव्हा काय होईल, याची मला काळजी वाटायला लागली होती. मी गावातल्या शाळेत शिकून इथवर आले याचं मला समाधान आहे. पण माझं शिक्षण माझ्या आईच्या आणि माझ्या मुलीच्या मध्ये भिंत होऊन उभं राहावं, असं मला कधीच वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात हॅलोवीन आला, तेव्हा माझ्या डोक्यात हे सगळं चाललेलं होतं. हॅलोवीनशी माझा तसा काही संबंध नव्हता. काही वर्षांपूर्वीपर्यंत इथेही त्याचं नाव कोणी मोठ्याने काढत नसे. आता ऑक्टोबर संपत आला की सुपरमार्केटात एकीकडे नव्या खजुरांचा ढीग लागतो आणि दुसरीकडे भोपळ्यांचा. आमच्या कंपाउंडमध्ये, म्हणजे परदेशी कुटुंबांच्या वसाहतीत, तळमजल्यावर एक इजिप्शियन शेजारीण राहते. मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची बाई. तिने कंपाउंडमधल्या आयांच्या ग्रुपवर लिहिलं की पुढच्या शुक्रवारी दुपारी चार वाजता खालच्या हॉलमध्ये मुलांना जमवू. कोणाच्या दारी जायचं नाही, कोणाला घाबरवायचं नाही. कागदाच्या वस्तू करू, खाऊ करू, घरी जाऊ. प्रत्येक आईने एक काम घ्यायचं. मी भाबडेपणाने लिहिलं की आम्ही भारतात भोपळा पुष्कळ खातो. लगेच तिचं उत्तर आलं, "मग भोपळा तुझ्याकडे, हबीबती."

माझा नवरा म्हणाला, "आपल्याकडे काय भुतांची टंचाई आहे का, म्हणून ही बाहेरून मागवताय?"

"तुम्ही मदत करणार आहात का, ते सांगा."

"मी शटडाऊनला," तो म्हणाला. प्लांट दुरुस्तीसाठी बंद ठेवतात त्याला हे लोक शटडाऊन म्हणतात, आणि त्या दिवसांत माणसं घरी फक्त झोपायला येतात.

शेजारणीने त्याच दिवशी कंपाउंडमधल्या सगळ्या मुलांना रंगवायला एकेक लहान भोपळा वाटला. मूठभर आकाराचा, एका कापडी पिशवीत घालून. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी एक मोठाही येणार होता, कापून चेहरा करण्यासाठी. मुलगी हरखून गेली होती. बाबाने कामावर निघता निघता तिच्याकडून एक मराठी वाक्य घोटून घेतलं, आजीला सांगण्यासाठी. मी भांडी घासत होते. तेवढ्यात आईचा कॉल आला आणि मुलीने फोन घेतला.

"आजी, मला भोपळा मिळाला."

पलीकडून आईचा दबका आवाज, "कशात गं?"

"बॅगमध्ये."

"बॅगमध्ये म्हणजे? कुठल्या विषयात?"

विषय हा शब्द मुलीला माहीत नव्हता. तिने तो सोडून दिला. "टुमारो अजून एक. बिगवाला."

"उद्याचा आत्ताच ठरलाय?"

"हो. आंटी देणार. प्रॉमिस."

"कसली बाई म्हणायची ही," आई म्हणाली. "तुला एकटीलाच का गं?"

"नो, नो. सगळ्यांना."

"सगळ्यांना? मग शिकवणारीचीच चूक. तू रडू नको हं माझ्या राजा."

"मी नाही रडत. मी त्याला डोळे करणार."

यावर आईचा धीर सुटला. "आगं, कुठं आहेस तू?" तिने मला हाक मारली. "पोरीकडं लक्ष आहे का तुझं? सगळ्या वर्गाला भोपळे पडलेत आणि ती हसतीय बघ."

मी ओल्या हातांनी धावत गेले आणि फोन त्या लहान केशरी भोपळ्यावर धरला. आईने डोळे बारीक केले, पडद्याजवळ आली, लांब गेली.

"हे तर डांगर," ती म्हणाली.

आमच्या भागात लाल भोपळ्याला डांगर म्हणतात. माझ्या माहेरी डांगर विळीवर असायचं, भाजीत असायचं, सणाला घारग्यांत असायचं. भोपळा असायचा तो फक्त पाटीवर आणि पेपरवर. आमचे गणिताचे गुरुजी शून्य नुसतं देत नसत, त्याला वर देठ काढायचे, आणि तब्येत खुशीत असली तर दोन डोळे आणि दात. पेपर हातात आला की वर्गात कुजबुज व्हायची, "तुझ्याला दात आहेत का?" लग्न होऊन पुण्यात गेल्यावर मी भाजीला भोपळा म्हणायला लागले आणि मुलीला तोच शब्द दिला. आईला तो भाजीसाठी ऐकायची सवयच नव्हती.

हे सगळं मी मुलीला समजावलं तेव्हा ती जमिनीवर लोळून हसली. शून्य म्हणजे भोपळा. मग तिने वहीच्या मागच्या पानावर शून्यांची रांग काढली, सगळ्यांना देठ, सगळ्यांना दात. आईही पलीकडे पदराने डोळे पुसत हसत होती. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की चुकून का होईना, त्या दोघी माझ्याशिवाय एवढं बोलल्या होत्या. एकीला एक कळलं होतं आणि दुसरीला दुसरंच, पण बोलल्या होत्या.

तो आठवडा मी शिकण्यात घालवला. लहान मुलांबरोबर हाताने काही करायचं हे मला येत नव्हतं. आमच्या शाळेत कार्यानुभवाचा तास होता, पण त्या तासाला आम्ही वर्ग सारवायचो आणि गुरुजींच्या खोलीत पाणी भरायचो. कात्री घरात एकच, ती कापडाची, तिला कागद लावायचा नाही असा नियम. त्यामुळे मोबाइलवर व्हिडिओ बघत मी आणि मुलगी बरोबरीने शिकलो, आणि बरेचदा ती माझ्यापुढे असायची. टॉयलेट पेपर संपला की आतली पुठ्ठ्याची नळी ठेवून द्यायची. तिला काळा रंग दिला, वरची कड दोन बाजूंनी आत दुमडली की आपोआप दोन टोकदार कान होतात आणि वटवाघूळ तयार होतं. काळ्या कागदाचे पंख मागे चिकटवायचे. नळीला पांढरा टिश्यू गुंडाळला आणि मध्ये फटीत दोन डोळे लावले की भूत. सुरुवातीला माझी भुतं जखमी माणसांसारखी दिसत होती. मुलीने सांगितलं, "मम्मा, सगळं नाही झाकायचं. डोळ्यांना जागा ठेव."

खाऊचं मी माझ्या डोक्याने केलं. इथला मऊ खजूर घ्यायचा, बी काढून आत अख्खा बदाम दाबायचा. दोन्ही बाजूंना खारट बिस्किटाच्या काड्या मोडून खोचायच्या, लबनेचे, म्हणजे इथल्या घट्ट दह्याचे, दोन ठिपके डोळ्यांना. कोळी तयार. मुलांनी करण्यासारखा आहे, सुरी नको, गॅस नको, आणि चुकला तर तोंडात टाकता येतो. आमच्याकडे पुष्कळ चुकले.

घारगे ही आईची सूचना. "एवढं डांगर कोरून काढणार, तो गर काय टाकून देणार?" असं तिने विचारलं. आम्ही आठवड्याच्या मधेच फोनवर बोलत होतो. "किसून गुळात शिजव, मावेल तेवढी कणीक घाल, थोडी तांदळाची पिठी, आणि थापताना वरून खसखस लाव."

"आई, खसखस इथे चालत नाही. सापडली तर पकडतात."

"घारग्याच्या खसखशीला?"

"हो."

"मग तीळ लाव," ती शेवटी म्हणाली, आणि त्या 'तीळ लाव'मध्ये परदेशात राहणाऱ्या लेकीविषयी जी काही दया असते ती सगळी होती.

शुक्रवार उजाडला. नवरा पहाटेच प्लांटवर गेला होता. ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्यावर मोठा भोपळा ठेवला होता, मी गूळ चिरून ठेवला होता, आणि आईचा कॉल लावून फोन तेलाच्या डब्याला टेकवला होता, म्हणजे घारगे करताना ती बघेल. मी सुरी उचलली आणि आई म्हणाली, "थांब. ते आहेत का घरात?"

मला हे ठाऊक होतं. खरं तर आठवडाभर मी त्याच्यावर विचार करायचं टाळत होते. आमच्याकडे अख्ख्या डांगराला बाईने सुरी लावायची नाही. आधी पुरुषाने एक काप द्यायचा, मग पुढचं सगळं बाईने. लहानपणी वडील घरी नसले की आई कुंपणावरून शेजारच्यांना हाक मारायची, "भाऊजी, जरा सुरी लावून जा." ते यायचे, उभ्या उभ्या एक वार करायचे, चहा पिऊन जायचे. ते टणक डांगर फोडायला आई मग तास घालवायची. मी विज्ञानाची पदवीधर आहे, पण आई समोरून बघत असताना अख्ख्या डांगरावर सुरी चालवायला माझा हात धजत नव्हता. फोन दुसरीकडे वळवून काप देऊन टाकावा असाही विचार आला. तोही पटेना.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. खालची शेजारीण होती. तिचा नवरा जुम्म्याच्या नमाजाला निघण्याआधी खुर्च्या खाली नेऊन ठेवणार होता, तर किती हव्यात, आमच्याकडच्या घडीच्या खुर्च्या देतेस का, विजेच्या दिव्याला लांब वायर आहे का, असं तिचं सुरू झालं. ती बोलायला लागली की मध्ये थांबत नाही. मी दारात अडकले. स्वयंपाकघरातून आवाज येत होते.

"आजी, मम्मा डोअरला आहे. मी कट करते."

"आगं नको. सुरी खाली ठेव आधी. ठेवलीस का? बायकांनी अख्खं डांगर कापायचं नसतं."

"का?"

मी शेजारणीला हो-हो म्हणत होते. मन आत लागलं होतं. मी नव्हते तर आता मुलगी पळून जाणार, असं मला वाटलं. ती गेली नाही.

"तसं असतं. आधी बाप्या माणसानं सुरी लावायची."

"बाप्या म्हणजे?"

"म्हणजे... तुझे बाबा. कुठं आहेत ते?"

"शटडाऊनला."

"ते काय असतं?"

मुलीला विचार करावा लागला. "प्लांट बंद," ती म्हणाली, "बाबा चालू."

आई हसली. "मग शेजारच्या कुणाला तरी बोलाव."

"का पण?"

"आगं, डांगर म्हणजे घरातला थोरला मुलगा, असं मानतात. त्याच्यावर आईनं सुरी चालवायची का? तूच सांग."

"थोरला म्हणजे?"

"मोठा. पहिला झालेला."

शेजारीण मला वायरीची लांबी विचारत होती, मी काय उत्तर दिलं मला आठवत नाही.

"आजी," मुलगी म्हणाली, एकेक शब्द जुळवत, "आमच्याकडे मुलगा नाही. मी आहे. मोठी पण मी. छोटी पण मी."

तिने स्टूल ओढल्याचा आवाज आला.

"मग हे डांगर कोण?"

आईचं हसू मला दारापर्यंत ऐकू आलं. किती दिवसांत ती असं हसली नव्हती. "कुणी न्हाई बाई," ती म्हणाली. "डांगरच आहे नुसतं. हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं बघ." मग थोडं थांबून, "पण आई येईपर्यंत हात लावायचा नाही. ती आली की दोघी मिळून लावा सुरी. आणि स्वतःकडं नाही कापायचं. तिकडं. लांब."

"तिकडं. लांब," मुलीने म्हटलं.

मी आत आले तेव्हा दोघी माझी वाट बघत होत्या, एक स्टुलावर उभी, एक तेलाच्या डब्याला टेकलेली. मुलीने सुरीच्या मुठीवर हात ठेवला, मी तिच्या हातावर. पहिला काप जाता जाईना. आई पलीकडून सांगत होती, "टोक आधी घाल. आता दाब. अंगठा मागं घे." देठाकडचं झाकण निघालं आणि आतला तो ओला, कच्चा वास आला. मुलीने दोन्ही हात आत घालून बिया ओढल्या आणि फोनला दाखवल्या.

"टाकू नको त्या," आई म्हणाली. "धुऊन वाळव. सोलून खायच्या."

"सोलून म्हणजे?"

मी तोंड उघडणार होते, पण आईने पलीकडे पातेल्यातून भुईमुगाची शेंग उचलली, फोडली, दाणा दाखवला. "हे. असं."

"ओके," मुलगी म्हणाली.

मी गर किसायला बसले. त्या दोघी डांगराचा चेहरा ठरवत होत्या. आईला हॅलोवीन माहीत नव्हता, पण भुतांच्या बाबतीत तिला कमी माहिती होती असं कोणी म्हणणार नाही. कसलं भूत करायचंय ते आधी ठरव, असं तिने नातीला बजावलं. हडळ पाहिजे तर पाय उलटे लागतील, डांगराला पाय नाहीत. मुंजा लहान पोरगा असतो, पिंपळावर बसतो, फार त्रास देत नाही. खवीस मोठा, केसाळ, त्याचं तोंड लांब करावं लागेल. मुलीने खवीस निवडला. मी काळ्या पेनाने रेघा आखून दिल्या आणि तिच्या सांगण्याप्रमाणे तोंड कानापर्यंत कोरलं.

घारग्यांना मुलीने बाटलीच्या झाकणाने डोळे पाडले. आई म्हणाली, "भोकं पाडलीस तर फुगणार कसा?"

"भूत नाही फुगत, आजी."

चार वाजता हॉल मुलांनी भरला. टेबलावर नळ्या, रंग, टिश्यू, खजूर. एका कोपऱ्यात माझा डबा. आमच्या डांगरात बॅटरीचा दिवा ठेवला आणि पडदे ओढले तेव्हा मुलं एकदम दचकली. माझ्या मुलीने सगळ्यांना सांगितलं की याचं नाव खवीस आहे, माझ्या आजीने ठेवलं.

शेजारीण खजूर भरता भरता थांबली. "काय म्हणाली ती? खबीस?" मग तिने सांगितलं की त्यांच्याकडेही हा शब्द आहे, लबाड, दुष्ट माणसाला म्हणतात. तुमच्या खेड्यात हा कुठून पोचला? मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं या देशात राहून, इकामा, यल्ला असे शब्द उचलताना मला वाटायचं की आपण फक्त इथून घेतोय. हा तर कधीच आमच्या गावी येऊन भूत होऊन राहिला होता. मुलीला यातलं काय कळलं कोण जाणे, पण आजीचा शब्द आंटीलाही येतो याचा तिला फार अभिमान वाटला. पुढचा तासभर ती प्रत्येक नळीच्या भुताचं बारसं करत फिरली. एका लेबनीज मुलाने आपल्या भुताचं नाव मुंजा ठेवून घेतलं आणि त्याला पिंपळाऐवजी खुर्चीवर बसवलं. कोळी जितके झाले त्याहून जास्त पोटात गेले. घारगे संपले. शेजारणीने कृती विचारली आणि मी सांगताना खसखशीचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी आम्ही वर आलो. नवरा अजून यायचा होता. मी चिकट झालेली भांडी पाण्यात टाकली आणि मागे वळून पाहते तर फोन जागेवर नाही. मुलगी तो घेऊन तिच्या खोलीत गेली होती. तिने आजीला आपणहून लावलेला हा पहिला कॉल.

मी दाराशी जाऊन उभी राहिले. तिला सांगायचं होतं की पडदे ओढले तेव्हा सगळे घाबरले. "आजी, आम्ही कर्टन... ते... खिडकीचं कापड..." आई म्हणाली, "पडदा?" "हां, पडदा. पडदा बंद, मग खवीस..." पुढचा शब्द तिला सापडेना. तिने दोन्ही हातांनी काहीतरी दाखवलं. आई म्हणाली, "पेटला?" "नो. पेटला नाही. लाइट... आतून..."

चमकला, उजळला, असे दोन-तीन शब्द माझ्या ओठांवर आले. मी दार ढकलून आत डोकावले.

"अगं, ती म्हणतेय की—"

"तू कशाला मधे येतीस?" आई पडद्यावरून माझ्याकडे बघून म्हणाली. "जा, तुझी भांडी आवर. आमचं चाललंय."

मुलीनेही माझ्याकडे पाहिलं, तशाच नजरेने, आणि फोन आपल्याकडे वळवून घेतला. मी दार ओढून घेतलं आणि भांड्यांकडे गेले.